शेवंतीचं कुलूप

"ऊठ गो शेवंत्या! सगळो गाव वेशीभायर गेलो, नि तू कोंबये धरून दारात बसलंस?" देवळाचे मानकरी अप्पा अंगणातूनच ओरडले.

"वकीलबायनी सांगितल्यानी हा, घर सोडू नको. सत्यवान टपान बसलोहा."

"फुकटचो वकील गावलो म्हणान देवाक कायदो शिकवतंस?"

आमच्या गावात काही वर्षांनी गावपळण येते. ग्रामदेवाचा कौल झाला की माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहायचं. शाळेतल्या पोरांना मी सांगत आलो, की या दिवसांत घरं उघडी टाकली तरी चालतात, देव राखण करतो.

शेवंतीचा नवरा वारल्यापासून धाकट्या दिराला, सत्यवानाला, ते घर हवं होतं. पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. मालवणच्या कोर्टात शेवंतीला सरकारी खर्चाने वकील मिळाली, नम्रता. तिने बजावलं होतं, "काही झालं तरी ताबा सोडू नका."

"जातंय मी," शेवंती शेवटी उठली, "पन घराची जबाबदारी तुमची."

"मी आसंय मां! सत्यवान काय देवापेक्षा मोठो?"

टोप, चटई, कोंबड्या घेऊन ती बाहेर पडली.

चौथ्या दिवशी गाव परतला. शेवंतीच्या दाराला नवंकोरं कुलूप, नि पायरीवर सत्यवान.

"वयनी, तू सोडून गेलंस. मी लावलंय."

"कधी लावलंस? पळणीत?"

"आता. तुज्या आधी इलंय."

शेजारीण नर्मदा शेवंतीच्या कानाला लागली. "काल सांजचो तो जेवणाक नव्हतो गो. मी बघलंय. पन माजा नाव घेव नको."

शेवंती अप्पांकडे धावली. अप्पांनी येऊन कुलूप बघितलं.

"पळण मोडली म्हणतंस? मगे सगळ्या गावान परत भायर जावचा. आंब्याक मोहर इलोहा, फवारणी रवली. तू सांग, कोण जातलो?"

माणसं आपापल्या घरांकडे वळली. मीही वळलो.

नम्रता घरोघर फिरली. सत्यवान झोपडीत नव्हता, एवढंच सांगणारा एक माणूस तिला हवा होता. चहा सगळ्यांनी दिला.

कोर्टात मात्र गाव आला, सत्यवानाच्या बाजूने.

"शेवंतीला घराबाहेर कोणी काढलं?" त्याच्या वकिलाने अप्पांना विचारलं.

"कोणी नाही. आपल्या पायांनी गेली."

"सामान घेऊन?"

"हो. कोंबड्यासुद्धा."

नम्रता उठली. "गावपळण होती ना? सगळेच गेले होते ना?"

"होय."

"सत्यवानसुद्धा? तिन्ही दिवस?"

"पळणीत गावात कोणी शिरत नाही, बाई."

नर्मदाही तेच म्हणाली. तिच्यामागून आलेलेही तेच म्हणाले.

निकाल शेवंतीच्या विरुद्ध लागला. बाहेर नम्रता म्हणाली, "आपण अपील करू. त्यालाही पैसे लागत नाहीत."

"तू मेळलंस फुकट, बाय," शेवंती म्हणाली. "साक्षीदार खंय मेळतले?"

गावाकडे जाणारी एसटी एकच होती. आत सगळे साक्षीदार बसले होते. नर्मदेने सरकून जागा केली. कुलूप लागल्यापासून शेवंती नर्मदेच्याच गोठ्याच्या पडवीत राहत होती.

"बस गो," नर्मदा म्हणाली. "म्हशीची धार काढूची आसा."

शेवंती बसली.