खाकी टेप

संघमित्राने प्रथमोपचाराची पेटी जमिनीवर ठेवली आणि पायाने पुढे सरकवली. सहा फुटांवर, पुठ्ठ्यांच्या थप्पीला टेकून दशरथकाका परब बसले होते. कटरच्या पात्याने डावा तळहात खोल चिरला होता आणि त्यावर त्यांनी घाईघाईने खाकी टेप गुंडाळली होती. अंधेरी एमआयडीसीतल्या या खोक्यांच्या कारखान्यात सगळ्या जखमांवर हाच एक इलाज. माणूसही जणू पार्सल करून पाठवायचा आहे.

“ती टेप आधी काढा,” ती म्हणाली. “मास्क नाकावर घ्या. मोठा गॉज जखमेवर दाबून धरा आणि हात वर.”

करोनाचं पहिलं वर्ष होतं. निम्मीच माणसं कामावर, तीही सुपरवायझरने दाराबाहेर उभी केलेली. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेली संघमित्रा एकटीच, आणि नवे नियम तिला तोंडपाठ होते. माणूस शुद्धीवर असेल तर लांबून सांगायचं, त्याचं त्याला करू द्यायचं. नाहीच जमलं तर मास्क, हातमोजे घालून जवळ जायचं. नियम तिच्या सोयीचाच होता. घाटकोपरला घरी आई डायलिसिसवर होती, आणि कामावरून आपणच तिला काहीतरी नेऊन देऊ या धास्तीने संघमित्राची झोप उडाली होती.

काकांनी टेप सोडवली. गॉज दाबून धरणं जमलं, पट्टी बांधणं जमेना. दातात टोक धरायला ते मास्क खाली ओढू लागले तेव्हा तिने त्यांना थांबवलं. गॉज भराभर लाल होत होता. पहिला तसाच ठेवून वर दुसरा ठेवायला तिने सांगितलं, पण तोही भिजला. तिने हातमोजे चढवले आणि पुढे झाली.

काका सरपटत मागे सरकले.

“तू नको येऊस गो. थंयसूनच सांग.”

संघमित्रा जागीच थांबली. अकरा वर्षं हे ती बघत होती. जेवायच्या सुट्टीत तिचा डबा पुढे आला की काकांचं काहीतरी असायचंच. कधी उपास, कधी बिघडलेलं पोट. शेजारी बसणाऱ्या सुगंधाची भाजी मात्र त्याच उपासाला, त्याच पोटाला चालायची. तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

“डबा चालत नव्हता, ते समजलं,” ती म्हणाली. “आता हातही चालत नाही?”

काकांनी मान खाली घातली. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं. गडबडले की त्यांच्या तोंडी गावची मालवणीच यायची.

“बायलेक दोन दिस ताप आसा. सकाळी गेटवर खोटा बोललंय, खाडे झाले तर काढतील म्हणान. तुझी आवस डायलिसिसवर असता ना? तू लांब रव.”

संघमित्राला राग आला. बायकोला ताप असताना त्या घरातून उठून हा माणूस सगळ्यांत येऊन बसला होता. आणि तिच्या आईचं त्याच्या ध्यानात होतं, याचं तिला वाईट वाटलं की बरं, हे तिला कळेना. गॉजमधून रक्ताचा थेंब फरशीवर पडला.

तिने खिडक्या सताड उघडल्या. मास्कवर दुसरा मास्क लावला, डोळ्यांवर चष्मा चढवला.

“तोंड खिडकीकडे करा. बोलू नका.”

ती बाजूला गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी गॉज दाबून धरला. मनातल्या मनात तिने ठरवून टाकलं. इथून यांना टाके घालायला आणि तपासणीला पाठवायचं, गेटवरचं खोटं सुपरवायझरला सांगायचं, आणि भावाला फोन करायचा. दोन आठवडे आई त्याच्याकडे. त्या दिवसांत डायलिसिसच्या खुर्चीशेजारी ती नसेल, आणि आईला ते आवडणार नाही.

रक्त थांबलं. ती पट्टी गुंडाळू लागली.

काका खिडकीबाहेर बघत होते. बोलू नका म्हटलेलं असूनही ते हळूच म्हणाले, “डब्याचा मात्र तू म्हणतंस ताच होता.”

तिने शेवटची गाठ मारली. घट्ट, पण काचणार नाही अशी.

“बोटं हलवून दाखवा,” ती म्हणाली.