फोनने मागितलेलं नाव

माझा पुतण्या तेंतेक मेलेले फोन उठवतो. आत-बाशीच्या बाजारातले दुकानदार ज्या फोनला हात लावत नाहीत, तो लोक रुमालात गुंडाळून, आजारी कोकरू आणावं तसा याच्याकडे आणतात. आमच्या शाळेतला संगणक तर इतका थकला होता, की बाई सकाळी तो सुरू करून गाईची धार काढायला जायच्या आणि परत आल्या तरी त्याचे आळोखेपिळोखे चालूच असायचे. तेंतेकने त्याच्यातली विकतची प्रणाली काढून फुकटची घातली. आता तो बटण दाबायच्या आधीच सुरू होतो. मी स्वतः पाहिलंय.

"फुकट कसं? चोरीचं आहे का रे?" मी विचारलं होतं.

"चोरीचं नाही, थोरले अता. अशार आहे, अशार." थोरले अता, म्हणजे थोरले बाबा, असं तो मला म्हणतो.

अशार म्हणजे कुणाचं घर बांधायचं असलं की सगळा गाव चिखल तुडवायला येतो, मजुरी मागत नाही, पोटभर जेवून जातो. जगभरची माणसं म्हणे तशी जमतात, एकमेकांचं तोंडही न पाहता, आणि वीट वीट रचून प्रोग्राम बांधतात. ज्याला हवा त्याने त्यात राहावं. आमची किरगिझ भाषा ऐकणारा आणि बोलणारा एक प्रोग्राम असाच बांधला गेला. त्यासाठी कितीतरी बायाबापड्यांनी आपला आवाज दिला. मीही दिला. म्हणूनच तो अधूनमधून थापा मारतो, असं तेंतेकचं म्हणणं.

हाच प्रोग्राम त्याने बायकोच्या, उमसुनायच्या फोनमध्ये घातला. तिचा फोन घोडीच्या टापेखाली आला होता आणि काचेवर बोट घासून काही होत नव्हतं. तेंतेक म्हणाला, बोट कशाला, तोंड आहे ना! तिने नाव घ्यायचं, फोन त्या माणसाला लागणार. फोनचा मनोरा नसला तरी हाकेच्या अंतरावरचे दोन फोन आपसात बोलतील, असंही काहीतरी त्यात होतं. आणि फोन ओ देणार ती फक्त उमसुनायच्या आवाजाला. नाहीतर माझ्यासारखा कुणी घरात गप्पा हाणत बसला, की बिचारा फोन दिवसभर गावाला उठवत बसायचा.

सगळं छान केलं गाढवाने. फक्त स्वतःचं नाव त्यात पासपोर्टावर आहे तसं घातलं. ओस्मोनकुल.

ओस्मोनकुल माझे वडील. त्यांच्या माघारी हा नातू जन्मला, म्हणून त्याला ते नाव ठेवलं, आणि ठेवल्या दिवसापासून त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. म्हाताऱ्याच्या नावाने पोराला शिव्या कशा घालणार? म्हणून घरात तो तेंतेक, म्हणजे द्वाड. आम्ही पुरुष निदान पूर्वज मोजताना ते नाव घेतो. सुनेला ते दोन्हीकडून बंद, आजेसासऱ्याचं म्हणून आणि नवऱ्याचं म्हणूनही. उमसुनायच्या आईने तिला पाठवतानाच बजावलं होतं, 'सुनेने ते नाव तोंडातून काढलं की वर गेलेल्या वाडवडिलांना वाटतं, याला घेऊन जा असंच ती सांगतेय. आणि नेतात ते.' हसू नका. आमच्या दरीत यावर हसणारं कुणी नाही, मीसुद्धा नाही.

घरात याची अडचण कधी आलीच नाही. नवऱ्याला फोन लावायची तिला गरजच काय? तो कायम हातभर अंतरावर, कुठल्यातरी फोनचं पोट फाडून बसलेला.

मार्चमधली गोष्ट. आमच्या घोड्या वरच्या उतारांवर टापांनी बर्फ उकरून खालचं वाळकं गवत खात होत्या. त्यातली एक तांबडी घोडी दोन दिवस खाली आली नव्हती. आम्ही तिघं तिला बघायला गेलो. घोडी दिसली, पण उताराच्या पलीकडच्या खोलगट जागेत. ऊन चढलेलं. दुपारी तो उतार बिघडतो, बर्फ सुटतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं.

"वरून वळसा घेऊ," मी म्हणालो.

"वळसा घेईपर्यंत तुमची दाढी आणखी वितभर वाढेल, थोरले अता," तेंतेक म्हणाला. "चहा निवायच्या आत येतो."

"जाऊ नका ना," उमसुनाय म्हणाली.

तो गेला. अर्ध्यावर पोचला असेल. ओला लोकरी नमदा टराटरा फाडावा तसा आवाज झाला आणि उताराचा खालचा अर्धा भाग निघाला. धावत नाही, उडत नाही, नुसता निघाला, एखादा म्हातारा अंगावर पांघरूण ओढून घेतो तसा. तेंतेकने आमच्याकडे एकदा पाहिलं. मग तिथे तेंतेक नव्हता.

बर्फ थांबला. खाली पांढरा गुळगुळीत ढीग, त्यावर एक पाऊल नाही की टोपी नाही. वर, आमच्या डोक्यावर, उताराचा उरलेला अर्धा भाग तसाच लोंबत होता. त्याच्या कडेला निळी भेग पडली होती, आणि त्या भेगेतून साखरेसारखे कण सारखे खाली ओघळत होते.

उमसुनायने ओरडायला तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात दाबला.

"ओरडू नकोस," मी तिच्या कानात म्हणालो. "ते वरचं आवाजाला टपलंय."

आम्ही रांगत ढिगावर गेलो आणि उकरू लागलो. हातांनी, चाबकाच्या दांड्याने, माझ्या केसाळ टोपीने. थांबलेला बर्फ भुसभुशीत राहत नाही, भिंत होतो. नखं फाटली. कुठे उकरायचं हेच कळत नव्हतं. ढीग एवढा मोठा, की त्यात आमचा अख्खा गाव भांडीकुंडी घेऊन मावला असता. बर्फाखाली माणूस किती टिकतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तिच्याकडे बघत नव्हतो.

"त्यांच्याकडे फोन आहे," ती एकदम कुजबुजली. "छातीशी. खिशात."

तिने कोटातून आपला तडकलेला फोन काढला. माझा फोन घरी उबेला ठेवलेला. थंडीत तो माझ्याआधी मरतो.

"लाव," मी म्हणालो. "वाजला की कळेल."

तिने फोन ओठांजवळ धरला. "तेंतेक."

"तेंतेक नावाचं कुणी नाही," फोन म्हणाला. वाऱ्यात ऐकू यावा म्हणून तेंतेकने त्याचा आवाज चढवून ठेवला होता. तो आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. वरच्या भेगेतून मूठभर बर्फ सुटला आणि आमच्या पाठीवर पडला.

दोघंही दगड झालो.

"हळू बोल," ती फोनला म्हणाली.

"हळू बोल नावाचं कुणी नाही."

पुन्हा मूठभर. या खेपेला मूठ मोठी होती.

"माझ्या नवऱ्याला," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "घरच्यांना. यांना."

"यांना नावाचं कुणी नाही. कृपया नाव सांगा."

त्या बाईचा आवाज मी विसरणार नाही. फोनमधली बाई. शांत, गोड, पाहुण्याला चहा विचारावा तशी विचारणारी. कृपया नाव सांगा. वर मृत्यू लोंबतोय, खाली आमचा पोरगा गुदमरतोय, आणि ही नाव विचारतेय.

मी फोन हिसकावला आणि त्यात म्हणालो, "ओस्मोनकुल!" फोन गप्प. माझा आवाज त्याच्या लेखी वाराच. मी काचेवर अंगठा घासला. अंगठ्याचं रक्त लागलं, बाकी काही नाही.

"पोरी," मी म्हणालो, "तूच घे नाव."

तिने मान हलवली. डोळे असे, की जणू मी तिच्या हातात सुरी दिली आणि त्याच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

"घे म्हणतो ना!"

"थोरले अता, त्यांना काही झालं तर?"

"झालंच आहे की ग!"

"अजून नसेल. अजून ते असतील. मी नाव घेतलं आणि नेमकं तेव्हाच..."

"ते नाव माझ्या बापाचं. मी त्याचा थोरला मुलगा. मी तुला मोकळीक देतो. काय व्हायचं ते माझ्या माथी."

"मोकळीक तुम्ही देता," ती म्हणाली, "पण न्यायला ते येतात."

उमसुनायने ढिगाकडे पाहिलं. वारा पडला होता. त्या शांततेत भेगेतून ओघळणाऱ्या कणांचा आवाज ऐकू येत होता, कोंबड्यांना कुणी दाणे टाकावेत तसा.

तिने डोळे मिटले आणि ओठ हलवले.

"ऐकू आलं नाही," फोन म्हणाला. "पुन्हा सांगा."

कधी न काढलेला शब्द होता तो. तिने पुन्हा प्रयत्न केला. अर्धाच निघाला.

"ऐकू आलं नाही. मोठ्याने सांगा."

मोठ्याने! त्या भेगेखाली! मी वर पाहिलं. निळी रेघ आता माझ्या तळहाताएवढी रुंद होती. मी तिचा दंड धरला. ओरड म्हणावं की नको म्हणावं, ते मला कळेना. तिला कळलं.

"ओस्मोनकुल!" ती ओरडली.

कड्याने ते नाव घेतलं, पलीकडच्या कड्याला दिलं, त्याने आणखी पुढच्याला. सगळी दरी माझ्या बापाला हाका मारत होती. वर काहीतरी कडकन वाजलं.

"ओस्मोनकुल यांना फोन लावत आहे," बाई म्हणाली.

आणि बर्फाखाली शिंगरू खिंकाळलं.

मला वाटलं, आले. माझा बाप घोड्यावरून आला न्यायला. मग आठवलं, तांबड्या घोडीचं शिंगरू शरदात विकायच्या आधी तेंतेकने त्याची खिंकाळी भरून घेतली होती आणि फोनच्या घंटीच्या जागी बसवली होती. आवाज बारीक होता, उशीखालून यावा तसा. आणि आम्ही उकरत होतो तिथे नव्हताच. पार डावीकडे होता.

आम्ही तिकडे झेपावलो, पण आमच्या आधी पोचली ती घोडी. खोलगट जागेतून बर्फ फोडत, छातीपर्यंत बुडत आली. आपलं शिंगरू खाली आहे एवढंच तिला कळलं. तिने पुढच्या टापांनी बर्फ उकरायला घेतला, जशा आमच्या घोड्या हिवाळाभर गवतासाठी उकरतात. आमच्या हातांनी ढेकूळ निघत नव्हतं, तिच्या टापेसरशी फळीएवढे तुकडे उडत होते. खिंकाळी मोठी होत गेली. घोडी वेडी होत गेली. आणि एका तुकड्याखालून तेंतेकच्या कोटाची बाही दिसली.

घोडीची टाप पुन्हा वर गेली. ती आता नेमकी त्याच्या डोक्यावर पडणार होती. उमसुनाय आडवी झाली त्याच्यावर. मी घोडीच्या मानेला लोंबकळलो. टाप उमसुनायच्या खांद्याला चाटून गेली. कोट फाटला, हाड वाचलं.

आम्ही त्याला उपसला. तोंड निळं, नाकातोंडात बर्फ. तिने बोटं घालून तो काढला. त्याच्या खिशातलं शिंगरू अजून खिंकाळत होतं, कडे अजून उत्तर देत होते, आणि तिच्या हातातली बाई विचारत होती, "ते फोन उचलत नाहीत. वाट पाहू का?"

"नको!" उमसुनाय किंचाळली.

तेवढंच बाकी होतं. निळी रेघ तुटली.

ओढलं त्याला, एक हात तिने, एक मी. उताराच्या कडेला खडक होता. त्याच्यामागे पोचलो की फेकले गेलो, ते मला सांगता येणार नाही. उरलेला डोंगर आमच्या बाजूने गेला. मग सगळं पांढरं. डोळे उघडे की मिटलेले, तेही कळेना. श्वासाबरोबर बर्फाचं पीठच आत जात होतं. माझ्या मुठीतला तेंतेकचा हात निसटला होता, त्या मुठीत फक्त त्याचा हातमोजा होता.

मला बोलताच येईना. त्या पांढऱ्यात मला तिचा आवाज ऐकू आला. फोन कुठेतरी उडून गेला होता. तिला नाव विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

"ओस्मोनकुल!"

काही नाही.

"ओस्मोनकुल!"

वारा. पीठ.

"ओस्मोनकुल!"

"ओरडतेस कशाला?" खालून घोगरा आवाज आला. "गुडघा काढ माझ्या पोटावरून."

घोडी वाचली. सगळ्यांच्या आधी घरी पोचली होती. तेंतेकच्या पायाची दोन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. एवढ्यावर भागलं.

त्या रात्री चुलीपाशी तो झोपला होता आणि उमसुनाय त्याचे श्वास मोजत छातीकडे बघत बसली होती. वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. बाजूला मांडलेल्या तळलेल्या बोर्सोकच्या तुकड्यांना तिने हात लावला नव्हता.

"झोप आता," मी म्हणालो.

"थोरले अता," ती म्हणाली, "मी किती मोठ्याने घेतलं ते नाव. सगळ्या दरीने घेतलं. वर ऐकू गेलं असेल ना?"

"कुणाला? माझ्या बापाला?" मी म्हणालो. "अग, तो ठार बहिरा होता. कानाशी तोफ उडवली तरी 'कोण खोकलं?' म्हणायचा. तू नवीन सून, तुला कुणी सांगितलं नाही."

ती भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या झोपली.

माझ्या बापाला शेजारच्या दरीतल्या कोल्ह्याने जांभई दिलेली ऐकू यायची. मी हळूच उठलो, दाराला आतून कडी घातली आणि तिथेच उंबऱ्यावर दाराला पाठ लावून बसलो. हातात चाबूक होता. बाप न्यायला आलाच तर त्याच्यासमोर चाबकाचा काय उपयोग होणार, ते मला ठाऊक नव्हतं.