बारा दिवसांचे जंगल

मोहरीची कापणी होऊन आठवडा झाला होता, सुवोपोल्ये गावच्या सहकारी गोदामात दाणा छताला टेकला होता, आणि अशा वेळी विदोसावाच्या शेतात पंधरा वर्षांपूर्वी जंगल होते अशी बातमी गावात आली.

बातमी आणली तपासनीस इस्क्रा हिने. ती तिशीतली, नेटकी आणि कमी बोलणारी बाई होती. गावची मोहरी परदेशातल्या ज्या कारखान्यात जाऊन डिझेल होणार होती, त्या कारखान्याला या इंधनाने हवा बिघडत नाही असा दाखला लागत असे. तो देणे न देणे तिच्या हाती होते. हे डिझेल जाळले की धूर निघतोच, परंतु तेवढा कार्बनवायू मोहरीने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो धरायचा नाही. नांगर, खत आणि ट्रक यांचा मात्र धरायचा, असा तो हिशेब. यात सर्वांत जड असे ते तोडलेले जंगल. जानेवारी २००८ मध्ये जिथे जंगल उभे होते, तिथले बी कारखान्याला चालतच नसे. आणि गावातल्या अठ्ठावीस शेतकऱ्यांचा दाखला एकच असल्यामुळे एकाच्या शेतावरचा डाग अठ्ठावीस जणांना लागत असे.

सहकारी संस्थेच्या सभागृहात भिंतीवर चित्र उमटले. उपग्रहाने ८ जानेवारी २००८ रोजी टिपलेले. सगळीकडे बर्फ, आणि विदोसावाच्या शेतात काळ्या ठिपक्यांची दाट चौकट. प्रत्येक ठिपक्याला हिवाळी उन्हाची लांब सावली.

मागच्या बाकावर बसलेल्या ग्रादिमिर मास्तरांनी ते चित्र पाहिले. पंचवीस रांगा, प्रत्येक रांगेत वीस. त्यांना मोजावे लागले नाही.

"हे काय आहे, हे इथल्या कुणाला आठवतं का?" इस्क्राने विचारले.

माणसे चित्राकडे पाहून माना डोलावू लागली. सरकारी कागदापुढे अडाणी ठरायचे नाही, ही सुवोपोल्येची जुनी रीत. शिवाय चित्र आकाशातून काढलेले. आकाश कशाला खोटे बोलेल?

त्र्याऐंशी वर्षांचे पांतेलिया आजोबा काठीवर हनुवटी टेकवून बराच वेळ पाहत होते. "होतं की," ते शेवटी म्हणाले. "रान होतं तिथे. मी अळंबी वेचायचो."

"अळंबी?" संस्थेची अध्यक्ष रादिंका म्हणाली. "आजोबा, त्या शेतात तुमच्या बापानं बीट लावलं होतं."

"बीट आधी. अळंबी नंतर."

ओस्तोया शिकारी मंडळाचा प्रमुख होता, त्याला मागे राहणे परवडणारे नव्हते. "ससे भरपूर होते," तो म्हणाला. "एकदा रानडुक्करही उठलं. मोठं होतं. मी नेम धरला, पण झाडी दाट पडली."

"किती मोठं?" बाकावरून कुणीतरी विचारले.

"या टेबलाएवढं."

"मग खाल्लं का नाही?"

"सांगतोय ना, झाडी दाट पडली."

इस्क्रा दोघांचे जबाब उतरवत होती. हे साक्षीदार जितके बोलत होते तितके गावाचे नुकसान होत होते, हे रादिंकाच्या उशिरा ध्यानात आले. ती विदोसावाकडे वळली. "तुझं शेत. तू सांग. जंगल तोडलंत तुम्ही?"

विदोसावा पुढच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिचा नवरा स्रेतेन जाऊन सहा वर्षे झाली होती. तिने मान किंचित वळवली आणि मागच्या बाकावर एकवार पाहिले. तिथे तिचा थोरला भाऊ बसला होता.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"आठवत नाही म्हणे. पाचशे झाडं आहेत तिथे, काय सुईदोरा आहे?" रादिंकाचा आवाज चढला. "अठ्ठावीस घरांचा दाणा गोदामात गरम होतोय, आणि हिला आठवत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी सही होईल, असे इस्क्राने सांगितले. आज मंगळवार होता.

*

ग्रादिमिर मास्तरांना निवृत्त व्हायला एक वर्ष उरले होते. गावातली निम्मी माणसे त्यांच्याकडे लिहायला शिकली होती आणि उरलेल्या निम्म्यांची मुले शिकत होती. दर वसंतात ते मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला झाडे लावत; झाडाची फांदी मोडायची असेल तर आधी झाडाला विचारावे, असे ते सांगत, आणि मुले खरोखर विचारत. हा नेम त्यांनी २००८ च्या मार्च महिन्यात सुरू केला होता. मार्चमध्येच का, हे कुणी विचारले नव्हते.

त्या रात्री जेवण न करताच ते बहिणीकडे गेले. विदोसावाने कॉफी उकळून पुढे ठेवली आणि समोर बसली.

"दादा, रादिंकानं माझ्या तोंडावर दार लावलं आज."

"मला ठाऊक आहे."

"पाव आणायला गेले, तर बेकरीत सगळे गप्प. चाळीस वर्षांत त्या बेकरीत कोणी गप्प बसलेलं नाही."

मास्तरांनी पेल्यात साखर ढवळली, मग ढवळलेलीच पुन्हा ढवळली.

ती कल्पना स्रेतेनची होती. नवीन वर्षासाठी घरात सजवायची फरची झाडे शहरात सोन्याच्या भावाने जातात, आणि दक्षिणेकडच्या डोंगरावर सरकारी रानात ती फुकट उभी आहेत, असे त्याचे साधे गणित होते. स्रेतेनचा ट्रक, दोघांच्या करवती. मास्तर तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. शाळेत चार महिने पगार झाला नव्हता. दोन रात्रींत त्यांनी पाचशे झाडे कापली. शहरात पोचले तो एकतीस तारीख उलटून गेली होती. तेव्हा स्रेतेन म्हणाला, चर्चच्या जुन्या पंचांगाचे नवीन वर्ष तेरा जानेवारीच्या रात्री येते, तोवर दम धरू. झाडे हिरवी राहावीत म्हणून ती शेतातल्या बर्फात रोवायची ठरली, आणि कशी रोवायची ते मास्तरांनी ठरवले. गिऱ्हाईकाला झाड चहूबाजूंनी पाहता आले पाहिजे, म्हणून सहा-सहा मोठ्या पावलांचे अंतर. सरळ रांगा. ओळ वाकडी झाली की ते उपटून पुन्हा लावायला लावत.

स्रेतेन एकदा वैतागून म्हणाला होता, "मेव्हणे, चोरीचा माल आहे, गणिताची वही नाही."

एकही झाड विकले गेले नाही. चौदा तारखेला बर्फ वितळले आणि पाचशेच्या पाचशे झाडे एका दुपारी आडवी झाली. उन्हाळ्यापर्यंत ती विदोसावाच्या चुलीत गेली.

"तू तेव्हाच का नाही बोललीस, सभेत?" मास्तरांनी विचारले.

"स्रेतेन गेलाय. त्याला चोर म्हटलं तर त्याचं काय बिघडतं? ऐकलं असतं तर हसला असता." तिने पेला उचलला, पण प्यायली नाही. "तू जिवंत आहेस. आणि तू मास्तर आहेस. ते तुझं तू सांगायचं, की मी?"

मास्तर उठले. दारात थांबून म्हणाले, "शुक्रवारच्या आत सांगतो."

"उद्या सांग," ती म्हणाली. "पाव संपलाय."

*

बुधवारी सकाळी पुन्हा सभा भरली. मास्तर उभे राहिले तेव्हा खोली आपोआप शांत झाली. ही माणसे त्यांच्यासमोर कधी काळी हाताची घडी घालून बसलेली होती. त्यांनी सर्व काही क्रमाने सांगितले: डोंगर, करवत, ट्रक, बर्फ. काही गाळले नाही. बोलताना त्यांचा आवाज एकदाच अडला, तो रांगांचे अंतर सांगताना.

बोलून झाल्यावर ते उभेच राहिले.

प्रथम रादिंकाने डोळे पुसले. "मास्तर," ती म्हणाली, "आमच्यासाठी तुम्ही एवढं करायला नको होतं."

"मी काही केलेलं नाही. म्हणजे केलंय. तेच सांगतोय."

"कळलं आम्हांला," ओस्तोया म्हणाला. "गाव वाचावं म्हणून स्वतःच्या अंगावर घेताय. पण मास्तर, तुम्ही आणि चोरी? माझ्या पोरानं तिसरीत बाभळीवर नाव कोरलं, तर तुम्ही त्याला त्या बाभळीची माफी मागायला लावली होती."

"ती नंतरची गोष्ट."

"आणि रानडुक्कर कुठून आलं मग?"

"ओस्तोया, रानडुक्कर नव्हतं."

ओस्तोयाचा चेहरा दुखावला. पांतेलिया आजोबा काठी आपटून म्हणाले, "आणि माझी अळंबी?" खोलीत कुजबुज झाली, तिचा रोख स्पष्ट होता: मास्तर थोर आहेत, पण अळंबीला खोटे म्हणणे बरे नाही.

इस्क्राने पेन खाली ठेवले. "मास्तर, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण दोन साक्षीदार जंगल होतं म्हणतात. शिवाय तिसरा पुरावा काल मी शाळेत पाहिला. व्हरांड्यात फोटो आहे. तारीख ९ जानेवारी २००८. मुलं फरच्या झाडांमध्ये उभी आहेत. खाली भिंतीवरच्या चिठ्ठीत लिहिलंय, 'आमच्या जंगलातला निसर्गाचा तास.' अक्षर तुमचं आहे ना?"

मास्तर खाली बसले. तो फोटो त्यांना रोज दिसत होता, आणि आपण तो पाहणे कधी सोडून दिले हे त्यांना सांगता आले नसते. मुलांना शेतात नेले होते हे खरे. कुणी विचारले तर सांगायला काहीतरी हवे, म्हणून निसर्गाचा तास. आणि ती ओळ लिहिताना आपल्याला थोडे बरे वाटले होते, हेही त्यांना आठवले.

विदोसावा पर्सचा पट्टा नीट करत होती. ती त्यांच्याकडे पाहतही नव्हती. तिच्या बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

आपण चोर आहोत हे सिद्ध करणे इतके कठीण असेल, अशी मास्तरांची कल्पना नव्हती. दुपारभर त्यांनी खटपट केली. करवत सापडली, पण करवत प्रत्येक घरात असते. ट्रक भंगारात गेला होता. विदोसावाच्या चुलीची राख पंधरा वर्षांपूर्वीच बागेत गेली होती. शेवटी ते शाळेत गेले, फोटोसमोर उभे राहिले, आणि प्रथमच त्यांना चौकटीची आठवण झाली.

ती चौकट फोटोपेक्षा लहान होती. ती त्यांनी स्वतः निवडली होती.

गुरुवारी सकाळी त्यांनी फोटो सभागृहात आणला आणि सर्वांसमोर मागचे खिळे काढले. चौकटीखाली चार बोटे रुंद पट्टी दडलेली होती. त्या पट्टीत, मुलांच्या पायांशी, काही झाडे आडवी पडलेली होती, आणि डाव्या कडेला लाल टोपी घातलेली सात वर्षांची नेवेना फरचे एक आख्खे झाड एका हाताने उलटे उचलून हसत होती. झाडाचा बुंधा नेमका कॅमेऱ्याकडे होता. तो पांढरा, गोल आणि सपाट होता.

नेवेना आता गावची बेकरी चालवत होती. ती मागे उभी होती, हाताला पीठ. पुढे येऊन तिने फोटो निरखला. "हे मला आठवतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "हलकं होतं. मला वाटलं, माझ्या अंगात ताकद आली."

मास्तरांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिले. ज्या चेहऱ्यांना त्यांनी वाचायला शिकवले होते ते आता हा फोटो वाचत होते, अक्षर लावून लावून, आणि वाचून होताच एकेक नजर खाली जात होती.

इस्क्राने पिशवीतून नियमांचे पुस्तक काढले. "जंगल म्हणजे," ती वाचू लागली, "एक हेक्टरहून मोठी जागा, जिच्यावरची झाडं पाच मीटरहून उंच आहेत, किंवा त्या जागी तेवढी वाढू शकतात." तिने वर पाहिले. "ही वाढू शकत होती का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"का नाही? स्पष्ट सांगा, मला लिहायचं आहे."

"मुळं नव्हती. आम्ही ती कापून, चोरून आणली होती. मी आणि स्रेतेननं."

तिने लिहिले. मग 'जंगल' या शब्दावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, बाजूला सही केली आणि शिक्का उमटवला. गावाचा दाखला वाचला होता. तरीही कोणी टाळी वाजवली नाही.

"आणि ती पाचशे झाडं?" मास्तरांनी विचारले. "ती जिथे उभी होती, ते कुठे लिहायचं?"

"माझ्याकडे या शेताचा हिशेब आहे," इस्क्रा सावकाश म्हणाली. "डोंगराचा नाही." "त्याला माझ्या कागदात जागा नाही, मास्तर. असती तर बरं झालं असतं."

बाहेर पडताना पांतेलिया आजोबांनी त्यांचा दंड धरला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. "मास्तर, एक सांगा. अळंबी तरी ठेवा."

"ठेवा, आजोबा," मास्तर म्हणाले. "ती दुसऱ्या कुठल्या रानातली असतील."

रादिंका पायरीवर उभी होती. मास्तरांशी ती बोलली नाही; पण विदोसावा बाहेर आली तेव्हा तिची पर्स तिने स्वतः धरली आणि दोघी बेकरीकडे गेल्या.

*

मास्तरांनी डोंगराच्या वनखात्याला पत्र लिहिले. तारीख, उताराची बाजू, झाडांची संख्या, दोघांची नावे, आणि शिक्षा भोगण्याची तयारी. उत्तर सप्टेंबरात आले, शाळा सुरू झाल्यावर. ते घेऊन मास्तर बहिणीकडे गेले. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले.

'आपण नमूद केलेल्या उतारावरील पाचशे फर वृक्ष आमच्या नोंदवहीनुसार सुस्थितीत उभे असून, गेल्या पंधरा वर्षांत त्यांची उंची सरासरी सहा मीटरने वाढली आहे. त्यांनी शोषलेला वायू राष्ट्रीय हिशेबात दरवर्षी नियमित धरला जातो. वृक्षांविषयी आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार.'

विदोसावा चष्मा काढून हसू लागली. हसता हसता तिला खोकला आला, तरी ती थांबेना. "स्रेतेनला हे ऐकायला हवं होतं," ती म्हणाली. "ती अजून वाढतायत, दादा."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पत्राची घडी घातली. शिक्षा होईल असे त्यांना वाटले होते, आणि ती झाली असती तर काहीतरी पुरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत लवकर गेले. व्हरांड्यातली जागा दोन महिने रिकामी होती, भिंतीवर चौकटीएवढा उजळ चौकोन पडला होता. त्यांनी फोटो चौकटीशिवाय, पुरता, चार टाचण्यांनी लावला. खालच्या चिठ्ठीवरची जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली. पहिलीच्या मुलांना अजून जोडाक्षरे येत नसत, म्हणून साधे शब्द निवडले.

घंटा झाली. पहिलीतली एक मुलगी फोटोपाशी थांबली आणि बोट ठेवून वाचू लागली. "ही झा-डं... मी... चो-र-ली." तिने मान वर केली. "मास्तर, तुम्ही झाडाला आधी विचारलं नव्हतं?"

"नाही," ग्रादिमिर मास्तर म्हणाले. "आत चल. आज तेच सांगणार आहे."