कावळ्याला दिलेला शब्द

राजवर्धनच्या रक्षाविसर्जनाला अख्खं गाव नदीवर लोटलं होतं, पण ज्याच्यासाठी सगळे ताटकळले होते तो कावळा काही निवदाजवळ यायला तयार नव्हता. घाटावरच्या लिंबावर बसला होता लेकाचा, मान वाकडी करून एकेकाकडं बघत. खाली पत्रावळीवर दहीभात होता, सुक्कं मटण होतं, भडंग होतं, थंड पेयाची बाटली होती. पोराला जे जे आवडायचं म्हणून कुणाला आठवलं, ते ते मांडून झालं होतं.

राजवर्धन हंबीररावांचा थोरला. साताऱ्याकडं रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायचा. सुट्टीला मोटारसायकलनं गावी येताना कराडच्या पुढं उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. एवढ्याशा गोष्टीनं धडधाकट पोरगं गेलं.

कावळा शिवत नसला म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं आपल्याकडं समजतात. मग जवळच्यांनी एकेकानं पुढं होऊन त्याला शब्द द्यायचा. आधी हंबीरराव झाले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण त्यांचा आवाज फुटेना. "बाळा, तुझ्या आईला मी बघतो," एवढंच म्हणाले. कावळा ढिम्म. मग चुलते लालासाहेब पुढं झाले, "धाकटीचं लगीन थाटात करू रं," म्हणाले. मग जिवाभावाचा दोस्त शिवतेज म्हणाला, "गड्या, तुझी गाडी मी कवा इकू देणार न्हाई." कावळ्यानं पंख झाडले आणि वरच्या फांदीवर जाऊन बसला.

ऊन डोक्यावर चढलं. बाया तोंडाला पदर लावून कुजबुजायला लागल्या. चंद्राबाई, म्हणजे राजवर्धनची आई, बसल्या जागी कलंडली. आईची मान लुळी पडलेली बघून राजवर्धनची धाकटी बहीण सृष्टी ताडकन उठली. ती तशीच पुढं धावली आणि वर बघून ओरडली, "दादा, गेमिंग लॅपटॉप घेऊ! चांगला, ग्राफिक्स कार्डवाला घेऊ! शब्द हाय!"

कावळा दगडासारखा खाली आला. दहीभाताला चोच लावली आणि नदीपलीकडं उडून गेला.

"शिवला, शिवला," म्हणत लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लालासाहेबांनी तेवढ्यात विचारून घेतलं, "गेमिंगच का गं? सादा चालायचा न्हाई?"

"न्हाई तात्या. गेमिंगचाच," सृष्टी म्हणाली, आणि उभ्या जागी गार पडली.

कारण राजवर्धननं जन्मात एक गेम खेळला नव्हता. लॅपटॉप तिला हवा होता. ती सांगलीत अॅनिमेशन शिकत होती. माणसं, झाडं, बैल, सगळं कॉम्प्युटरवर घडवायचं शिक्षण. जुना लॅपटॉप त्या कामाला पुरत नव्हता. बैलाचा एक पाय हलला की बंद पडायचा. असल्या कामाला गेमिंगचाच लागतो, हे ती वर्षभर दादाच्या कानाशी घोकत होती. दादा हसायचा. "गेम खेळायचाय म्हण की सरळ," म्हणायचा, आणि शेवटी, "बघू."

राजवर्धनचं हे 'बघू' घरात प्रसिद्ध होतं. आईनं स्थळ आणलं, बघू. आबांनी, म्हणजे हंबीररावांनी, मोटर दुरुस्तीचं काढलं, बघू. त्याचा अर्थ होय की नाही, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तर तिच्या बाबतीतलं ते बघू अधांतरीच राहिलं आणि घाटावर, आई कलंडलेली, सगळ्यांचे डोळे लागलेले, तेव्हा तिच्या तोंडातून दादाची इच्छा म्हणून स्वतःचीच इच्छा बाहेर पडली. मेलेल्या भावाच्या नावावर.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं तिनं मनाला शंभरदा सांगितलं. मन ऐकेना. त्यात रोज सकाळी एक कावळा न्हाणीमागच्या टाकीवर येऊन बसायला लागला. घरातल्यांना कावळ्यासारखा कावळा. तिला मात्र तो तोच वाटायचा. ती भांडी घासायला बसली की तो टाकीवरून उतरून जवळ यायचा, मान वाकडी करायचा आणि बघत राहायचा. ओरडायचा नाही. ओरडला असता तर बरं, असं तिला व्हायचं. घास घातला तर शिवायचा नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, तिला दादाच विचारतोय असं वाटायचं: खोटं का बोललीस गं?

ती घरात कमी बोलायला लागली. भावाचं दुःख, असं सगळे म्हणाले. ते तर होतंच.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा लालासाहेबांनी विषय काढला. दिलेला शब्द वर्षाच्या आत पुरा व्हायला पाहिजे. वस्तू आणायची, फोटोपुढं ठेवायची, आणि मग त्याच्या वयाच्या, त्याच्या जोडीच्या माणसाला द्यायची. "म्हंजे शिवतेजला. दुसरं कोण हाय?"

सृष्टी चपात्या लाटत होती. लाटणं हातात तसंच राहिलं. बघा कसं होतं ते. बोललेलं खोटं अंगाशी येतं म्हणतात, पण इतकं नेमकं? शिवतेज दूध संकलन केंद्रावर कामाला. बिचाऱ्याला फॅट मोजायच्या मशिनपलीकडं कशात रस नव्हता. पण आता कोणत्या तोंडानं बोलणार? तिनं चपाती तव्यावर टाकली.

हंबीरराव तिला घेऊन सांगलीला गेले. सत्तर हजारांच्या आत बसवायचं, असं ठरलं होतं. दुकानात काचेपलीकडं लॅपटॉप ओळीनं मांडलेले, लाल-निळे दिवे पेटलेले, यात्रेतल्या पाळण्यासारखे. दुकानातली पल्लवी नावाची मुलगी पुढं आली. "कोणाला खेळायचंय, काका?"

"माझ्या मुलाला," हंबीरराव म्हणाले.

"मग त्यांनाच आणायचं होतं ना. हातात घेऊन बघितलं असतं."

"लांब पोस्टिंग हाय त्येचं," हंबीरराव म्हणाले. आवाज अगदी कवायतीच्या मैदानावरचा. सृष्टीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तिला वाटलं, आबाही दादाच्या नावावर बोलायला लागले.

मग त्यांनी रायफल तपासावी तसा एकेक लॅपटॉप उचलून पाहिला. वजन किती, तापतो का, पडला तर काय होतं. पल्लवीनं सगळ्यात जास्त दिव्यांचा पुढं केला. झाकणावर ड्रॅगन, किल्ल्या इंद्रधनुष्यी. हंबीररावांना तो पसंत पडला. "पोराला आवडला आसता," म्हणाले.

सृष्टीला एका नजरेत कळलं होतं की हा नुसता वरचा शेंदूर आहे. आतलं कार्ड जुनं, पंखा एकच, आणि मेमरी वाढवायची सोय नाही. तासभर काम केलं की तव्यासारखा तापणार. ती गप्प बसू शकली असती. तिला थोडाच मिळणार होता? शिवतेजच्या माजघरात ड्रॅगन काय नि डबडं काय. तिच्या जिभेवर 'हाच घ्या' आलंसुद्धा. पण दुकानाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. नाक दादाचं, भुवया दादाच्या. घाटावर एकदा खोटं बोललं ते पुरे झालं, असं तिला वाटलं.

"आबा, ह्यो नगं. त्यो काळा बघा, कोपऱ्यातला."

काळ्याला दिवे नव्हते. पण कार्ड दमदार, पंखे दोन, मेमरी पुढं वाढवता येणारी, पडदाही रंग खरे दाखवणारा. प्रोसेसर सगळ्यात वरचा नव्हता. एवढ्या पैशात कशाला तरी मुकावं लागतंच, आणि मुकायचं तर त्याला. तिची बोटं किल्ल्यांवरून फिरायला लागली आणि घटकाभर ती सगळं विसरली. हंबीरराव तिच्या हातांकडं बघत राहिले.

"त्येला काय लागतंय ते तुला बरं ठावं."

"त्येनंच सांगितलं हुतं," ती म्हणाली. अजून एक खोटं.

पल्लवीनं लॅपटॉप सुरू केला. नाव विचारलं. हंबीररावांनी छातीतून आवाज काढून सांगितलं, "राजवर्धन."

"याला चेहऱ्याचं कुलूप आहे. मालक समोर बसला की आपोआप उघडतो." एवढं ऐकून हंबीरराव पैसे भरायला गल्ल्याकडं गेले, तशी ती सृष्टीला म्हणाली, "दादा नाहीत, मग आत्तापुरता तुमचा चेहरा घेते. ते सुट्टीवर आले की बदला."

सृष्टी पडद्यासमोर बसली. वरच्या कडेला बारीक तांबडा दिवा पेटला आणि तिच्याकडं बघायला लागला. न ओरडणारा, न हलणारा. तिला टाकीवरचा कावळा आठवला. पडद्यावर अक्षरं उमटली: वेलकम, राजवर्धन. तिनं झटक्यात तोंड वळवलं.

वर्षश्राद्धाला घराच्या पुढच्या सोप्यात पाट मांडला. पाटावर काळा लॅपटॉप, झाकणाला चंद्राबाईनं हळदीकुंकू लावलेलं. मागं राजवर्धनचा हार घातलेला फोटो. भावकी जमली होती. शिवतेज नवा शर्ट घालून अवघडून बसला होता.

"चालू तर कर," लालासाहेब म्हणाले. "त्येला दिसू दे."

शिवतेजनं झाकण उघडलं. तांबडा दिवा पेटला, त्याच्याकडं बघितलं आणि विझला. लॅपटॉप काही उघडला नाही.

"मालकाचा चेहरा लागतोय त्येला," हंबीरराव हळूच म्हणाले.

मग लालासाहेबांनी कुणाला काही सुचायच्या आत पाट उचलून फोटोकडं वळवला. दिवा पुन्हा पेटला. माणसं श्वास धरून बघत राहिली. फोटोतला राजवर्धन हसत होता आणि दिवा त्याच्याकडं बघत होता. मग दिवा पुन्हा विझला, आणि लालासाहेबांनी पाट परत माणसांकडं वळवला. चंद्राबाईच्या तोंडून बारीक हुंदका आला.

तेवढ्यात सृष्टी निवदाचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ताट ठेवायला ती फोटोपुढं वाकली, आणि दिवा पेटला. पडदा उजळला. वेलकम, राजवर्धन.

एका म्हातारीनं "आगं बया" म्हणून हात जोडले. शिवतेज उठून उभा राहिला. लालासाहेबांचा आवाज कापत होता. "आला! पोरीत आला बघा! ज्येला द्यायचा त्येला त्येनंच दावून दिलं. पोरीलाच द्या."

सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते, घाटावर होते तसेच. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. लॅपटॉप तिचा होता. दादाच्या नावावर आणखी एक खोटं, तेवढंच. पण त्याच्याखाली जन्मभर राहायचं या विचारानंच तिचा जीव घाबरा झाला.

"कोण आलं न्हाई तात्या," ती म्हणाली. "दुकानात माझाच चेहरा दिलाय त्यात. आन त्या दिवशी बी मी खोटं बोलली. दादाला लॅपटॉप नगंच हुता. मला पायजे हुता. आई पडली, मला काय सुचंना, आन माझंच तोंडातनं गेलं. मी त्येचं नाव वापरलं आई. मेलेल्याचं."

ती ताटापाशीच खाली बसली. लालासाहेब कोपऱ्यात बघायला लागले. चंद्राबाई उठून तिच्याजवळ आली. मारते की काय असं सृष्टीला वाटलं, आणि मारलं तर बरं असंही वाटलं.

"त्येला नगं हुता?"

"न्हाई."

"मग आमी येवढ्या जणांनी शब्द दिला, तवा न्हाई शिवला. तुझ्याच शब्दाला कावळा कसा शिवला गं?"

सृष्टीनं मान वर करून आईकडं बघितलं.

"तू मागितलास तवा त्यो काय म्हनला हुता?"

"बघू म्हनला हुता."

चंद्राबाईनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. "मग बघितलं की त्येनं, माज्या वासरा. जाता जाता बघितलं."

सृष्टी आईच्या मांडीत तोंड खुपसून वर्षभराचं रडली. शिवतेजनं लॅपटॉप पाटावरून उचलला, शर्टाच्या बाहीनं उगाचच पुसला, आणि झाकण मिटून तिच्यापुढं ठेवला. "धर. मला काय कळतंय त्यातलं."

डोळे पुसून तिनं झाकण उघडलं. तांबडा दिवा पेटला आणि तिच्याकडं बघायला लागला. पडद्यावर दादाचं नाव आलं. आज तिनं तोंड वळवलं नाही.

"बघ," ती म्हणाली.