‘थांब’ म्हणणारी ओळ

मी एक जुना आज्ञांचा तुकडा आहे, मित्रांनो. संगणकाच्या अगदी गाभ्यात, जिथे तुमची नजर पोचत नाही, तिथे मी बसतो. तुम्ही चित्र काढायला एखादे बटण दाबता, तेव्हा संगणकात एक नवे काम जन्माला यावे लागते. ते मी जन्माला घालतो. चालू असलेल्या कामाची नक्कल करतो, तिला क्रमांक देतो, थोडी जागा देतो, ती कोणाचे लेकरू आहे हे नोंदवतो आणि तिला रांगेत उभी करतो.

मला तातेराव सरांनी लिहिले. भोकरदनच्या एका शाळेत ते संगणक शिकवीत. शाळेकडे एकच जुना संगणक होता आणि त्याला आठ पडदे जोडलेले होते. त्या यंत्राला ते चालवणाऱ्या नव्या संगणक-प्रणाली पेलेनात, म्हणून सरांनी दोन उन्हाळी सुट्ट्या घालवून स्वतःच एक लहानशी प्रणाली लिहिली. माझ्यात त्यांनी मोजणीची एक ओळ घातली. नवे काम जन्माला घालण्याआधी मी साऱ्या कामांची यादी वाचायची, ते ज्या मूळ कामातून निघाले त्याची लेकरे-नातवंडे मिळून किती झाली ते मोजायचे, आणि मर्यादा आली की ‘थांब’ म्हणायचे. ती मर्यादा सरांनी कित्येक दुपारी यंत्र बंद पाडून पाडून शोधली होती. शेजारी तिचे कारणही लिहून ठेवले होते.

मुले चिडवत, “सर, तुमचा संगणक आधी हजेरी घेतो, मंग उघडतो!”

सर हसत. “घेऊ दे की. हजेरी न घेणाऱ्या मास्तरच्या वर्गात काय होतं, पाह्यलं न्हाई का?”

पुढे सर निवृत्त झाले आणि जालन्यात लेकीकडे राहायला गेले. त्यांचाच विद्यार्थी अकिब शाळेत संगणक शिकवू लागला. मुख्याध्यापिका साधनाबाई एकदा त्याला म्हणाल्या, “लेकरं पडद्यापुढं ताटकळून राह्यलीत, अकिब. शनिवारी पालक येणारेत. तवर हे बराबर चाललं तर ठेवू, न्हाईतर भंगारात देऊ.”

“जल्दी करून देतो, बाई.” अकिब याच यंत्रावर शिकला होता. ते त्याला गमावायचे नव्हते.

त्याने मला वाचले. माझा वेळ मोजणीत जातो, हे त्याला दिसले. “शाळेची पोरं. एवढी कामं कोण उघडणार?” असे म्हणून त्याने ती ओळ खोडली आणि शेजारचे कारणही खोडले. जुनी प्रत ठेवली नाही. मी काय बोलणार? मला लिहिले तेवढेच करता येते.

शनिवारी सारे पडदे झटपट उघडले. पालकांनी कौतुक केले. मग सातवीच्या अक्षताने फुलाचे चित्र सुरू केले. एका फुलाने दुसरे काढायचे होते, पण कुठे थांबायचे ते लिहायला ती विसरली. प्रत्येक फूल माझ्याकडे नवे काम मागू लागले. मी देत राहिलो. एकाची दोन, दोनाची चार. अखेर आठही पडदे गोठले.

अक्षता रडवेली झाली. “सर, मी काय केलं?”

“तू न्हाई बाळा. मी केलं.”

बाई एवढेच म्हणाल्या, “मंगळवारी भंगारवाला येणारे.”

रविवारी अकिब मला आपल्या लॅपटॉपमध्ये घेऊन जालन्याच्या बसमध्ये बसला. मोजणी पुन्हा लिहिता आली असती, पण मर्यादेचा आकडा त्याला आठवेना. दार सरांच्या लेकीने, ज्योत्स्नाताईंनी उघडले. “मेंदूचा झटका आल्यापासून दादांना जुनं फारसं आठवत न्हाई रे,” त्या म्हणाल्या.

सरांनी बोट पडद्यावरून फिरवत मला ओळीओळीने वाचले. मी त्यांच्या हातचा, पण त्यांनी मला ओळखले नाही.

“चांगलं लिहिलंय,” ते म्हणाले. “पण मोजणी कुठंय? लेकरं मोजायला पाह्यजेत.”

अकिब पुढे सरकला. “किती झाल्यावर थांबायचं, सर?”

सरांनी ओळीच्या कडेला बोट ठेवले. “ते लिहिलं असंल की शेजारी. ज्यानं हे लिहिलं, त्यानं.”

अकिबने लॅपटॉप मिटला.

सोमवारी वर्ग चालू होते. त्याला मधल्या सुट्टीपुरताच वेळ मिळाला. आकडा लहान धरला, तर मुलांचे काम अर्ध्यावर अडले. मोठा धरला, तर पडदे गोठले. मंगळवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि यंत्र घेऊन गेला.

आता मी अकिबच्या लॅपटॉपमध्ये असतो. त्याने माझी मोजणी नव्याने लिहिली आहे. प्रत्येक मूळ काम आपल्या लेकरा-नातवंडांची संख्या स्वतःजवळच ठेवते, त्यामुळे मला यादी वाचावी लागत नाही. मी वेगवान झालो आहे. पण एकही मूल मला हाक मारत नाही. मोजणीशेजारी अकिबने लिहिले आहे : ‘मर्यादा माहीत नाही. तातेराव सरांना माहीत होती.’

मित्रांनो, कुणाची जुनी ओळ निरुपयोगी वाटली, तर खुशाल बदला. पण आधी त्या माणसाकडे जा आणि ती का लिहिली ते विचारा. त्याला आठवते आहे, तोवरच विचारा.