सोडियम कार्बोनेटची बाटली

प्रेमला चौदा वर्षं समता कॉलोनीतल्या एका खासगी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवत होती. यंदा शाळेनं फर्मान काढलं, दहावी पास नसेल त्यानं जूनपासून घरी बसावं. घ्या! नळ्या धुवायलाही दहावी! बाहेरून ती याआधीच दोनदा परीक्षेला बसली होती आणि दोन्ही वेळा विज्ञानात आपटली होती. ही तिसरी खेप, आणि शेवटची.

गुढ़ियारी वस्तीतल्या घरी तिची लेक गंधाली तिला शिकवायची. आई मराठीत विचारायची, हिंदी शाळेतली पोट्टी हिंदीत उत्तर द्यायची.

"मम्मी, दोनों तरफ गिनती बराबर करनी है. आगे आंकड़ा लगाओ. नीचे वाले छोटे आंकड़े को हाथ मत लगाना, चीज़ ही बदल जाएगी."

"हव, नाही लावत. पन सूत्रं मले शिकवू नको. ते मी शाळेत बाटल्या पाहून पाठ करून राहिली."

पुस्तकातली अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे नाचायची. बाटल्या मात्र ओळखीच्या. दर शनिवारी ओल्या फडक्यानं एकेक घासून पुसायची. रसायनाचे भार्गव सर पाहुण्यांना त्या चकचकीत बाटल्या कौतुकानं दाखवायचे, तेव्हा ही बाई मनातून फुलून यायची.

पेपरात प्रश्न आला: सोडियम कार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं समीकरण लिहून संतुलित करा. अगं बाई, आपलीच बाटली! प्रेमलानं तोच प्रश्न आधी घेतला. बाटलीवर होतं तसं लिहिलं, NaCO3. मग आकडे लावायला बसली. क्लोरीन जुळलं तर सोडियम हललं. सोडियम जुळवलं तर कार्बन वाढला, त्यामागं ऑक्सिजन बिघडला. दोनाचे चार झाले, चाराचे आठ, आणि तरी मेलं जुळेना. खालच्या आकड्याला तिनं हात लावला नाही. लेकीला शब्द दिला होता ना! माझंच डोकं फुटकं, म्हणत ती खोडत राहिली. घंटा झाली तेव्हा उरलेल्या प्रश्नांची दोन पानं कोरी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच समीकरण कागदावर लिहून भार्गव सरांना विचारलं, "सर, हे काहून नाही जुळत?"

सरांनी कागद पाहिला. "दीदी, Na के नीचे का दो कहाँ गया?"

प्रेमलानं बाटली आणून खिडकीशी धरली. Na च्या खाली शाईचा फिकट डाग होता, दोनाच्या आकाराचा. तिच्याच फडक्यानं पुसला होता तो, शनिवारी शनिवारी, चकचकीत करता करता.

"मीच पुसला जी," ती म्हणाली.

तिनं त्यांचं पेन मागून घेतलं आणि त्या डागावर दोन काढला. मग प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर समीकरण लिहिलं. आम्लाच्या पुढं दोन, मिठाच्या पुढं दोन. पहिल्या फटक्यात जुळलं. तिला रडू कोसळलं.

जरा वेळानं पदरानं डोळे पुसून ती बेसिनकडे वळली. जूनपर्यंत नळ्या तिलाच धुवायच्या होत्या.