संपाच्या हंगामातला स्ट्रेचर

मित्रांनो, मी एक जुना स्ट्रेचर आहे. दोन लाकडी दांडे आणि मध्ये जाड कापड, एवढाच माझा संसार. एका सुताराने मला घडवले आणि तंबू शिवणाऱ्या त्याच्या मेव्हण्याने माझे कापड शिवले. तेव्हापासून मी एका फुटबॉल संघाच्या चाकरीत आहे. पडलेल्या खेळाडूला मी मैदानाबाहेर आणतो. टाळ्या त्याला मिळतात. त्यातल्या निम्म्या माझ्या, असे मी धरून चालतो. माझा पुढचा दांडा नेहमी खेळाडूंचे पाय चोळणाऱ्या मालिशकाकांच्या हातात असे.

एका सामन्यात आमच्या गोलकीपरचा गुडघा मोडला. लोक त्याला 'भिंत' म्हणत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले. खर्च संघाच्या मालकांनी करायचा होता. ते म्हणाले, "पडक्या भिंतीला गिलावा कोण करत बसणार? घरी पाठवा."

झाले! सगळा संघ फाटकाबाहेर जाऊन बसला. "गोलकीपरचं ऑपरेशन होईपर्यंत आम्ही खेळणार नाही," कप्तानाने सांगितले. मालिशकाकाही त्यांच्यात जाऊन बसले. एकामागून एक सामने बुडाले. मी पायऱ्यांखालच्या खोलीत धूळ खात पडलो.

मग मालकांनी बाहेरून भाड्याचे खेळाडू आणून सामना लावला. फाटकाबाहेरून "फितूर! फितूर!" असा गलका चालूच होता. खेळ रंगायच्या आतच भाड्याचा एक गडी कोसळला. पाय पार वाकडा झाला होता. सामन्यासाठी मला खोलीतून काढून रेषेपाशी ठेवले होते, पण मला उचलणार कोण?

तेवढ्यात फाटक ढकलून मालिशकाका आणि कप्तान धावत आले.

"काय रे कप्तान, मोडला ना संप?" मालक वरून ओरडले.

"खेळणार नाही म्हणालो होतो, साहेब. माणूस उचलणार नाही असं कोण म्हणालं?"

काकांनी पायाला फळी बांधली. "ओरड बाबा, लाजू नकोस. फितुरालाही दुखतंच."

"काका, तुमचा संप कशासाठी?" त्याने कण्हत विचारले.

"तुझ्यासारखाच आमचा एक पडला. त्याला घरी बसवलंय."

त्याने मान वळवून साथीदारांना हाक मारली, "ऐकलंत का रे? उद्या आपलंही हेच!"

मध्यंतरानंतर भाड्याचा एकही खेळाडू मैदानात उतरला नाही. नाइलाजाने मालकांनी दोघांच्याही ऑपरेशनला होकार दिला.

बुडालेल्या सामन्यांचे गुण गेले ते गेलेच. त्या हंगामात आमचा संघ तळाला राहिला. लोक हसले. पण खरे सांगतो, कपाटातल्या कोणत्याही चषकापेक्षा मला त्या हंगामाचा अभिमान आहे.

पुढच्या हंगामात गोलकीपर स्वतःच्या पायांनी मैदानात आला. मला ओलांडून पुढे गेला, माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. एवढा मोठा मान मला आजवर कोणी दिलेला नाही!

मित्रांनो, माझी गरज तुम्हाला कधी न पडो. पण कोणी पडलाच, तर तो कोणाच्या बाजूचा हे विचारत बसू नका. आधी दांडा धरा.